विमान देखभालीचा परवाना आणि तपासणीचे अधिकार : बारावीपासून सहीपर्यंतची वाट

दर वर्षी बारावीचा निकाल लागला, की ओळखीतले कोणीतरी मुलाला किंवा मुलीला घेऊन घरी येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : “कोर्स पूर्ण झाला, की एएमईचे लायसन्स हातात पडते ना?” एएमई म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियर, अर्थात विमान देखभाल अभियंता. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते प्रवेशशुल्क भरण्याच्या आधीच समजलेले बरे, म्हणून हा मार्ग मी येथे सविस्तर मांडत आहे. विमान देखभालीच्या क्षेत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक सर्रास ‘लायसन्स’ म्हणतात. संस्थेचे प्रमाणपत्र एवढेच सांगते, की उमेदवाराने शिक्षण घेतले आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा परवाना सांगतो, की त्याचे ज्ञान आणि प्रत्यक्ष अनुभव नियामकाने पारखले आहेत. त्यानंतर ज्या कंपनीत तो काम करतो तिने दिलेले ऑथरायझेशन सांगते, की अमुक विमानावरील अमुक कामानंतर ‘हे विमान सेवेत सोडण्यास हरकत नाही’ अशी सही तो करू शकतो. ही तिसरी गोष्ट मिळेपर्यंत कितीही हुशार मुलगा हँगरमध्ये, म्हणजे विमाने दुरुस्त करण्याच्या मोठ्या शेडमध्ये, मदतनीस किंवा टेक्निशियन म्हणूनच काम करतो, आणि पहिल्या दिवसापासून तिसऱ्या टप्प्यापर्यंत साधारण किती वर्षे लागतील याचा हिशेब घरातल्या सर्वांनी मिळून मांडणे आवश्यक आहे.

परवान्याचा कायदेशीर आधार एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ मधील नियम ६१ हा आहे आणि त्याचा तपशील डीजीसीएच्या सीएआर-६६ (सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स) या नियमावलीत दिलेला आहे; हँगरमध्ये तिला सगळे ‘कार-सिक्स्टी सिक्स’ म्हणतात. तिची रचना युरोपच्या पार्ट-६६ नियमावलीवर बेतलेली असल्यामुळे वर्गांची नावे आणि अभ्यासक्रमाचे मॉड्यूल सारखे दिसतात, परंतु त्यामुळे भारतीय परवाना युरोपात किंवा युरोपचा परवाना भारतात आपोआप चालत नाही. उमेदवाराचे वय परवाना मिळण्याच्या वेळी किमान १८ वर्षे असावे लागते, आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तीन विषय असावे लागतात किंवा अभियांत्रिकीची पदविका असावी लागते. अकरावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या मुलांची येथे अडचण होते, म्हणून ज्यांच्या घरी दहावीतले मूल आहे त्यांनी हा मुद्दा आताच लक्षात ठेवावा. इंग्रजी वाचता, लिहिता आणि बोलता येणे हीदेखील अट आहे, कारण देखभालीची सर्व पुस्तके त्याच भाषेत असतात आणि एका वाक्याचा चुकीचा अर्थ लावल्याने चुकीचे काम होऊ शकते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी याचा धसका घेऊ नये. मीही त्याच माध्यमातून आलो. देखभालीच्या पुस्तकांतले इंग्रजी सोप्या, ठरावीक शब्दांचे असते आणि सहा महिने रोज वाचले तर ते अंगवळणी पडते.

कोणता वर्ग निवडावा

सीएआर-६६ मध्ये ए, बी१, बी२ आणि सी असे मुख्य वर्ग आहेत. वर्ग ए म्हणजे लाइनवरील, अर्थात दोन उड्डाणांच्या मधली, मर्यादित, ठरलेली कामे आणि किरकोळ दुरुस्त्या. हा परवानाधारक फक्त स्वतः केलेल्या कामावरच सही करू शकतो. बी१ हा विमानाचा सांगाडा, इंजिने, यांत्रिक प्रणाली आणि विद्युत प्रणाली यांच्यासाठी असतो, तर बी२ एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आणि विद्युत प्रणालींसाठी असतो. बी१चे पुन्हा चार उपवर्ग आहेत : बी१.१ टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी, बी१.२ पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी, बी१.३ टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी आणि बी१.४ पिस्टन हेलिकॉप्टरसाठी. वर्ग सी थेट सुरुवातीला घेण्याचा नाही. मोठ्या विमानावर बी१.१, बी१.३ किंवा बी२ चे अधिकार तीन वर्षे वापरल्यानंतर तो मिळवता येतो आणि बेसवरील, म्हणजे विमान हँगरमध्ये घेऊन केलेल्या, मोठ्या तपासणीनंतर संपूर्ण विमान सेवेत सोडण्याची सही त्या वर्गाचा अभियंता करतो. त्याच्या सहीखाली बी१ आणि बी२ अभियंत्यांच्या शेकडो सह्या असतात आणि त्या सगळ्या जागेवर आहेत की नाही हे पाहणे हेच त्याचे काम असते.

मुंबईत बहुतेक मुले विचार न करता बी१.१ कडे धाव घेतात, कारण डोळ्यांसमोर सहारचे टर्मिनल आणि एअरबसच्या रांगा असतात. बी१.१ वाईट नाही, पण या शहराला जुहूचाही विमानतळ आहे, जो १९२८ पासून आहे आणि ज्यावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. आज त्या धावपट्टीवर प्रामुख्याने हेलिकॉप्टरची वर्दळ असते आणि त्यांतली बरीचशी मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसे नेतात-आणतात. समुद्रावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या इंजिनात मीठ जाते, कॉम्प्रेसर वारंवार धुवावा लागतो, रोटरच्या जोडांवर आणि बोल्टांवर गंज लवकर चढतो, आणि म्हणून तेथे देखभालीचे काम सतत आणि बारकाईचे असते. बी१.३ घेतलेल्या अभियंत्याला असा अनुभव देणारी ठिकाणे देशात थोडी आहेत आणि त्यांतले एक आपल्या पार्ल्याच्या शेजारी आहे, हे वर्ग ठरवण्यापूर्वी विचारात घ्यावे. ज्याला विजेच्या आकृत्या वाचायला मनापासून आवडतात, ज्याने लहानपणी घरातला रेडिओ उघडून पुन्हा जोडला आहे, त्याने बी२ घ्यावा. बी१ला जास्त नोकऱ्या असतात या ऐकीव समजुतीवर बी२ सोडू नये. आजच्या विमानातील बिघाडांचा मोठा भाग संगणक, सेन्सर आणि वायरिंगमध्ये सापडतो.

संस्था आणि पर्यायी मार्ग

मूळ प्रशिक्षण सीएआर-१४७ खाली मान्यता मिळालेल्या संस्थेतच घ्यावे. बी१.१, बी१.३ आणि बी२ साठी अशा अभ्यासक्रमाची लांबी २४०० तास असते आणि त्यात प्रात्यक्षिकांचा मोठा वाटा असतो. मान्यता कधीही ‘संस्थेला’ मोघमपणे नसते, ती ठरावीक पत्त्यासाठी आणि ठरावीक वर्गांसाठी असते. म्हणून डीजीसीएच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव, तिचा पत्ता, मान्यतेची मुदत आणि तुम्हाला हव्या असलेल्या उपवर्गाचा उल्लेख या चारही गोष्टी स्वतः पाहाव्यात. माहितीपत्रकावर विसंबू नये. दुसरे असे, की प्रात्यक्षिकासाठी पुढे कोणत्या सीएआर-१४५ संस्थेत, म्हणजे प्रत्यक्ष विमाने दुरुस्त करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत पाठवणार हे लेखी विचारावे. ‘व्यवस्था होते’ हे उत्तर पुरेसे नाही. अनेक मुलांची दोन-दोन वर्षे याच ठिकाणी वाया गेलेली मी पाहिली आहेत, कारण वर्गातले शिक्षण संपले, परंतु चालत्या विमानाला हात लावू देणारे हँगर मिळाले नाही.

मुंबईत पदविका किंवा पदवी घेतलेल्यांनी शीवच्या प्रशिक्षण संकुलातील पश्चिम विभागाच्या शिकाऊ उमेदवारी मंडळाकडेही चौकशी करावी. शिकाऊ उमेदवारीची वेतनभत्त्यासह संधी देणाऱ्या आस्थापनांत विमान क्षेत्रातील आस्थापनाही असतात, आणि तेथे मिळालेला अनुभव परवान्यासाठी मोजला जाईल की नाही हे रुजू होण्याआधी तपासावे. अनुभव फक्त सीएआर-१४५ मान्यता असलेल्या ठिकाणी आणि सेवेत असलेल्या विमानावर घेतलेला असेल, तरच त्याचा उपयोग होतो. विमानतळाच्या आत काम करण्यासाठी नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा प्रवेश पास लागतो, त्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी होते आणि तिला वेळ लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पत्त्याचे पुरावे आधीच एकसारखे करून ठेवावेत. आधार कार्डावर डोंबिवली आणि पासपोर्टवर सातारा अशी स्थिती असेल, तर फेऱ्या वाढतात.

परीक्षा

परीक्षा डीजीसीएची केंद्रीय परीक्षा संघटना घेते, अर्ज ऑनलाइन होतो आणि त्याआधी उमेदवाराचा संगणक क्रमांक, म्हणजे डीजीसीएकडील ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. अभ्यासक्रम १७ मॉड्यूलमध्ये विभागलेला आहे आणि प्रत्येक वर्गाला त्यांतील ठरावीक मॉड्यूल लागू होतात. प्रत्येक मॉड्यूल ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागते. शाळा-महाविद्यालयाच्या पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या सवयीने या परीक्षेला बसणारा पहिल्या प्रयत्नात हमखास अडखळतो.

माझा सल्ला असा, की मॉड्यूल ६ आणि ७, म्हणजे साहित्य व हार्डवेअर आणि देखभालीच्या पद्धती, हे प्रात्यक्षिक चालू असतानाच द्यावेत. बोल्टच्या डोक्यावरील खुणा, बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेली लॉकिंग वायर ओढण्याची दिशा, टॉर्क रेंचचे कॅलिब्रेशन, रिव्हेटची लांबी या गोष्टी पुस्तकातून पाठ केल्या तर आठवड्यात विसरतात, हाताने केल्या तर आयुष्यभर राहतात. मॉड्यूल १५, गॅस टर्बाइन इंजिन, याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. तेथे पाठांतर चालत नाही, हवा इंजिनात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत दाब, तापमान आणि वेग कोठे वाढतात व कोठे घटतात हे स्वतःला समजावून सांगता आले पाहिजे. मॉड्यूल १०, विमान कायदे, याच्या जुन्या नोट्स वापरताना विशेष काळजी घ्यावी. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतलेली आहे आणि बाजारात फिरणाऱ्या झेरॉक्स प्रतींमध्ये अजून जुनाच कायदा सापडतो. मॉड्यूल ९, मानवी घटक, याला मुले हलके समजतात, कारण त्यात गणित नाही. पण पुढे तपासणीच्या भागात मी जे सांगणार आहे ते सगळे याच मॉड्यूलचे आहे. थकवा, घाई, गृहीत धरणे, सांगायचे राहून जाणे अशा माणसाच्या बारा चुकांची ‘डर्टी डझन’ नावाची यादी त्यात येते. ती परीक्षेपुरती पाठ न करता, प्रत्येक कारणापुढे हँगरमध्ये स्वतः पाहिलेला एक प्रसंग लिहून ठेवावा.

अनुभव आणि लॉगबुक

मान्यताप्राप्त सीएआर-१४७ अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या उमेदवाराला बी१.१, बी१.३ किंवा बी२ साठी सेवेतील विमानावर २ वर्षांचा देखभालीचा अनुभव लागतो; तसे प्रशिक्षण नसल्यास ही मुदत ५ वर्षांपर्यंत जाते. हा अनुभव लॉगबुकमध्ये नोंदवला जातो आणि प्रत्येक नोंदीवर त्या कामाची जबाबदारी असलेल्या परवानाधारक अभियंत्याची सही व परवाना क्रमांक असावा लागतो. अर्जासोबत जाणाऱ्या कागदांमध्ये लॉगबुकइतका महत्त्वाचा दुसरा कागद नाही, आणि याच कागदाबाबत सर्वांत जास्त हलगर्जी होते.

माझ्या पहिल्या नोकरीत मी लॉगबुक ‘महिन्याच्या शेवटी एकदम लिहू’ असे म्हणून बाजूला ठेवत असे. नंतर ते दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी झाले. सातव्या महिन्यात माझ्या शिफ्टचे मुख्य अभियंता नोकरी सोडून आखाती देशात गेले आणि संस्थेतील दुसऱ्या कोणीही, आपण न पाहिलेल्या कामावर सही करण्यास नकार दिला. त्यांचा नकार योग्यच होता. संस्थेने मात्र मला, किंवा माझ्यासोबतच्या चार मुलांना, नोंदी वेळच्या वेळी तपासण्याची कोणतीही पद्धत घालून दिली नव्हती आणि विचारणा केल्यावर ‘तुमचे लॉगबुक ही तुमची जबाबदारी’ एवढेच उत्तर मिळाले. माझे सात महिने मोजले गेले नाहीत. त्या दिवसानंतर मी शिफ्ट संपल्यावर, हात धुण्याआधी लॉगबुक लिहून सही घेऊ लागलो, आणि हीच सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला कळकळीने वाटते.

नोंद कशी असावी, तर तारीख, विमानाचे ‘व्हीटी’ने सुरू होणारे नोंदणी चिन्ह, विमान व इंजिनाचा प्रकार, नेमके काय काम केले, देखभाल पुस्तिकेतील कोणत्या क्रमांकाच्या सूचनेनुसार केले आणि उमेदवाराचा वाटा काय होता, इतके त्यात आले पाहिजे. ‘लँडिंग गिअरचे काम’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘उजव्या मुख्य चाकाचे ब्रेक युनिट बदलले, हायड्रॉलिक जोडणी केली, गळती तपासली’ ही नोंद उपयोगी आहे. विमानाच्या प्रणालींना ठरलेले प्रकरण क्रमांक असतात, जसे २४ विद्युत पुरवठा, २७ उड्डाण नियंत्रणे, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर, ७२ इंजिन. लॉगबुकच्या मागच्या पानावर या क्रमांकांचा तक्ता आखून प्रत्येक नोंदीनंतर खूण करावी. वर्षभराने तो तक्ता पाहिला, की टायर बदलण्याच्या पन्नास खुणा आणि उड्डाण नियंत्रणांसमोर कोरी जागा असे चित्र दिसते. मग आपल्या पर्यवेक्षकाकडे जाऊन त्या कामावर घालण्याची विनंती करता येते. लाइनवरच काम केलेल्या मुलांनी काही महिने बेसवर घालवण्याचा आग्रह धरावा. उघडलेले विमान पाहिल्याशिवाय त्याचा सांगाडा समजत नाही. मुंबईत कलिन्याच्या जुन्या विमानतळ परिसरात हँगरचे असे काम चालते, आणि पावसाळ्यानंतर गॅली (विमानातले स्वयंपाकघर) व शौचालयाखालच्या फ्लोअर बीमवरचा गंज पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये.

परवाना, टाइप आणि ऑथरायझेशन

मॉड्यूल आणि अनुभव पूर्ण झाल्यावर डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरून अर्ज करावा. परवाना ५ वर्षांसाठी असतो आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. परंतु परवाना केवळ जिवंत ठेवणे आणि अधिकार वापरता येणे या वेगळ्या बाबी आहेत : मागील २ वर्षांत किमान ६ महिन्यांचा देखभालीचा अनुभव नसेल, तर परवाना वैध असूनही सही करता येत नाही. लग्न, बाळंतपण किंवा आजारपणामुळे खंड पडणाऱ्यांनी, विशेषतः आमच्या क्षेत्रात आता चांगल्या संख्येने येणाऱ्या मुलींनी, हा हिशेब आधीच करून परतण्याची तारीख ठरवावी.

मोठ्या विमानांसाठी परवान्यावर त्या प्रकाराची नोंद, म्हणजे टाइप रेटिंग लागते. हे रेटिंग विमान आणि इंजिन यांच्या जोडीला असते. एअरबस ए३२० वर सीएफएम५६ इंजिनाचे रेटिंग असलेल्या अभियंत्याला तशाच दिसणाऱ्या नव्या निओ विमानावर, ज्यावर लीप-१ए किंवा प्रॅट अँड व्हिटनीचे इंजिन असते, वेगळे प्रशिक्षण घेतल्याशिवाय सही करता येत नाही. टाइपमध्ये वर्गातील भाग, प्रात्यक्षिक भाग आणि त्या वर्गातील पहिल्याच टाइपसाठी प्रत्यक्ष नोकरीवरील प्रशिक्षण येते. नोकरी नसताना कर्ज काढून टाइप करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की प्रात्यक्षिक आणि नोकरीवरील प्रशिक्षण कोणत्या सीएआर-१४५ संस्थेत होणार हे लेखी हातात आल्याशिवाय पैसे भरू नयेत. वर्गातल्या भागाला मुदत असते आणि विमान न मिळाल्यास तो भाग फुकट जातो.

टाइप मिळाल्यावर कंपनीचा गुणवत्ता विभाग उमेदवाराची चाचणी घेतो, कंपनीची कार्यपद्धती, मानवी घटक आणि इंधन टाकीची सुरक्षितता यांसारखी प्रशिक्षणे तपासतो आणि मग स्टॅम्प व ऑथरायझेशन देतो. नोकरी बदलली, की स्टॅम्प परत जातो आणि नव्या ठिकाणी सगळे पुन्हा करावे लागते. कामावर येताना श्वासचाचणीला सामोरे जावे लागते. आदल्या रात्रीच्या पार्टीचा परिणाम सकाळपर्यंत राहू शकतो, हे तरुणांनी गांभीर्याने घ्यावे.

तपासणीचे अधिकार

आता मूळ विषयाच्या त्या अर्ध्याकडे येतो ज्याबद्दल फार कमी लिहिले जाते. अमेरिकी व्हिडिओ पाहून अनेक जण विचारतात, की ‘इन्स्पेक्शन ऑथरायझेशन’ भारतात कोठे मिळते. अमेरिकेत एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट ही दोन्ही रेटिंग किमान ३ वर्षे असलेल्या, त्यांतली मागची २ वर्षे प्रत्यक्ष कामात असलेल्या मेकॅनिकला वेगळी परीक्षा घेऊन हा अधिकार दिला जातो. त्यामुळे तो लहान विमानांची वार्षिक तपासणी स्वतःच्या जबाबदारीवर करू शकतो, आणि त्याची मुदत विषम वर्षाच्या ३१ मार्चला संपते. त्याच नावाचा अधिकार भारतात नाही. येथे तपासणीचे अधिकार तीन वाटांनी येतात आणि तिन्ही वाटांना प्रत्यक्ष अनुभवाचा पाया लागतो.

पहिली वाट स्वतंत्र तपासणीची. उड्डाण नियंत्रणे किंवा इंजिन नियंत्रणे उघडून पुन्हा जोडली, की एकाची सही पुरत नाही. काम करणाऱ्याने किंवा त्यावर देखरेख ठेवणाऱ्याने तपासल्यानंतर दुसऱ्या पात्र व्यक्तीने तेच काम नव्याने तपासावे लागते. ही दुसरी व्यक्ती कंपनीने त्यासाठी अधिकृत केलेली असते. प्रशिक्षण विमानांवर काम करत असताना मला हा अधिकार नुकताच मिळाला होता आणि एके संध्याकाळी एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या टोकाकडील हलत्या फळीची, केबल बदललेल्या विमानाची दुसरी तपासणी माझ्याकडे आली. मी टर्नबकल, म्हणजे केबलचा ताण जुळवणारे जोड, पाहिले, लॉकिंग वायर पाहिली, सही केली. आमचे वरिष्ठ त्या कामाचे सह्यांचे कार्ड हातात घेऊन आले आणि त्यांनी एवढेच विचारले, “दुपारी केबलचे टोक कोणी धरले होते?” मीच धरले होते. कामात हात लावलेला माणूस स्वतंत्र राहत नाही, हे मला परीक्षेसाठी पाठ होते आणि तरीही लक्षात आले नव्हते. त्यांनी माझी सही रद्द करून दुसऱ्या अभियंत्याला बोलावले, आणि त्याने पहिल्या दहा मिनिटांत एका टर्नबकलची वायर उलट्या दिशेने गुंडाळलेली दाखवली. मी ती दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा मला ती बरोबरच दिसली होती.

तपासणी का वेगळी लागते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण १० जून १९९० चे आहे. ब्रिटिश एअरवेजचे उड्डाण क्रमांक ५३९० हे बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघालेले बीएसी १-११ विमान १७,३०० फुटांवर असताना वैमानिकासमोरची काच निघून गेली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले आणि कॅप्टन वाचले. ती काच रात्रपाळीतील शिफ्ट व्यवस्थापकाने एकट्याने बदलली होती. जुने बोल्ट समोर ठेवून नवे त्याने डोळ्यांनी जुळवले, पार्ट्स कॅटलॉग उघडले नाही, आणि ९० पैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे, उरलेले ६ कमी लांबीचे बसवले. वाचण्यासाठी लागणारा चष्मा त्याने लावला नव्हता. तेव्हाच्या नियमांत काच बदलल्यावर दुसऱ्या माणसाने तपासणे बंधनकारक नव्हते. तो अनुभवी, कष्टाळू माणूस होता, आणि म्हणूनच हे उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

दुसरी वाट विनाशरहित चाचणीची, म्हणजे भाग न तोडता केलेल्या चाचणीची, अर्थात एनडीटीची. डोळ्याला न दिसणारी भेग पेनेट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल, एडी करंट, अल्ट्रासोनिक किंवा रेडिओग्राफी या पद्धतींनी शोधली जाते. विमान क्षेत्रात ईएन ४१७९ आणि एनएएस ४१० या मानकांनुसार लेव्हल १, २ आणि ३ अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पद्धतीसाठी वेगळे प्रशिक्षण, वेगळे अनुभवाचे तास आणि वेगळी परीक्षा असते. लेव्हल १ सूचनेनुसार चाचणी करतो, लेव्हल २ दिसलेल्या खुणेचा अर्थ लावून भाग स्वीकारतो किंवा नाकारतो, आणि लेव्हल ३ पद्धती लिहितो व इतरांची परीक्षा घेतो. सुरुवात एडी करंटपासून करावी असे माझे मत आहे, कारण फास्टनरच्या छिद्राभोवतीच्या भेगा शोधण्यासाठी ती फार वापरली जाते आणि तिच्यामुळे धातूची वागणूक समजते. जवळच्या दृष्टीची तपासणी दर वर्षी करावी लागते. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर बदलला, की कोणाला सांगायला लाजू नये. रेडिओग्राफीसाठी मात्र किरणोत्साराच्या सुरक्षिततेचे नियम लागू होतात आणि त्यांचे नियमन करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय आपल्या अणुशक्तीनगरला आहे.

तिसरी वाट उड्डाणयोग्यता पुनरावलोकनाची. प्रत्येक विमानाला उड्डाणयोग्यता पुनरावलोकन प्रमाणपत्र, म्हणजे एआरसी लागते आणि ते १ वर्षासाठी असते. सीएआर-एम खाली हे काम करणाऱ्या व्यक्तीला उड्डाणयोग्यतेच्या क्षेत्रातील किमान ५ वर्षांचा अनुभव, योग्य परवाना किंवा समकक्ष पदवी आणि देखभालीचे औपचारिक प्रशिक्षण लागते, आणि डीजीसीएची स्वीकृती लागते. हा माणूस पाना हातात घेत नाही. तो उड्डाणतास व आवर्तने (उड्डाण करून उतरण्याच्या फेऱ्या) बरोबर नोंदली आहेत का, सर्व उड्डाणयोग्यता निर्देशांचे पालन झाले आहे का, ठरावीक आयुष्य असलेल्या भागांचे क्रमांक नोंदीशी जुळतात का, केलेल्या दुरुस्त्यांना मंजुरी आहे का, वजनाचा तक्ता सध्याच्या विमानाचा आहे का, हे पाहतो आणि नंतर विमानाभोवती फिरून कागद आणि धातू यांची सांगड घालतो. ज्याने तरुणपणी लॉगबुक नीट लिहिले आहे त्याला या कामात नोंदीतली पोकळी पटकन दिसते.

या तिन्ही वाटांवर प्रत्यक्ष काम करताना पाळायच्या काही गोष्टी सांगतो. तपासणीला जाताना स्वतःचा टॉर्च आणि आरसा घ्यावा, काम करणाऱ्याने धरलेल्या उजेडात पाहू नये. पुस्तिकेचे चालू पान स्वतः उघडावे, कार्डाला जोडलेली प्रत आधीच्या सुधारणेची असू शकते. काम करणाऱ्याला ‘काय केले’ असे आधी विचारू नये. आधी पाहावे, मग विचारावे, कारण ऐकलेले डोळ्यांना दिसू लागते. नियंत्रणांची तपासणी केवळ जोडांची नसते. स्टिक डावीकडे नेली की डावे एलेरॉन वर जाते का, दोन्ही टोकांना ते थांब्यापर्यंत पोहोचते का, हे कॉकपिटमध्ये एक आणि पंखाशी एक माणूस उभा करून पाहावे. आणि तपासणी अर्ध्यावर असताना फोन आला, चहा आला किंवा शिफ्ट बदलली, तर जेथे थांबलो तेथून पुढे जाऊ नये. पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी, आणि पुन्हा सुरुवात केल्याची वेळ कार्डावर लिहावी.